व्यापारी कंपनीला राज्य करण्याचा हक्क कोठून मिळाला?

प्रश्न (शिक्षिका, फोंडा):
आफोन्सो द आल्बुकर्कने १५१० मध्ये गोवा घेतला तो पोर्तुगालच्या राजाचा अधिकारी म्हणून, त्यामुळे येथली सत्ता राजाची होती हे माझ्या नववीच्या मुलांना चटकन उमगते. इंग्रजांची ईस्ट इंडिया कंपनी मात्र १६०० च्या सनदेवर उभी राहिलेली भागधारकांची संस्था होती. ती राज्यकर्ती केव्हा झाली? ‘प्लासीची लढाई’ (१७५७, बंगालच्या नवाबावर कंपनीचा विजय) एवढ्या उत्तराने वर्गाचे समाधान होत नाही, आणि माझेही होत नाही.

उत्तर (पणजी):
प्लासीपेक्षा मी १७६५ ला अधिक महत्त्व देतो. १७६४ मध्ये बक्सरच्या लढाईत कंपनीकडून पराभव झाल्यावर मुघल बादशहा शाह आलमने बंगाल, बिहार व ओडिशाची दिवाणी, म्हणजे महसूल वसुलीचा हक्क, वर्षाला २६ लाख रुपयांच्या बदल्यात कंपनीला दिला. तोवर माल घेण्यासाठी विलायतेहून चांदी आणावी लागे. आता बंगालच्या रयतेने भरलेल्या शेतसाऱ्यातूनच बंगालचे कापड विकत घेता येऊ लागले आणि फौजही त्याच पैशावर पोसली जाऊ लागली. पैसा कंपनीच्या हाती, कारभाराचा बोजा मात्र बंगालच्या नवाबाच्या माथी, अशी ती विलक्षण व्यवस्था होती. १७७० च्या दुष्काळात लाखो माणसे मेली, तरी वसुलीचा तगादा सुटला नाही. हे मुलांना अवश्य सांगा.

उत्तर (डिचोली):
बक्सरची लढाई का झाली, हेही सांगावे. मुघल बादशहा फर्रुखसियरच्या १७१७ च्या फर्मानाने बंगालमध्ये कंपनीचा माल जकातमुक्त झाला होता. कंपनीच्या अधिकाऱ्याने दिलेला दस्तक, म्हणजे परवान्याची चिठ्ठी, चौकीवर दाखवली की माल पुढे जाई. कंपनीचे नोकर त्याच चिठ्ठीवर स्वतःचा खासगी माल नेऊ लागले, तेव्हा देशी व्यापारी बुडाले आणि नवाबाचा खजिना आटला. अखेर बंगालचा नवाब मीर कासिम याने सर्वांचीच जकात माफ केली; ही समानता कंपनीला सोसवली नाही आणि १७६३ मध्ये युद्ध पेटले; त्यातूनच पुढे बक्सरची लढाई झाली.

उत्तर (मडगाव):
दिवाणीचे महत्त्व मान्य, पण आरंभ आपल्या किनाऱ्यावरच झालेला आहे. पोर्तुगालने आपल्या राजकन्येच्या १६६१ च्या विवाह तहात मुंबई इंग्लंडच्या राजाला आंदण दिली. गोव्याच्या विजरईने, म्हणजे पोर्तुगीज राजप्रतिनिधीने, ताबा देण्यास बरीच टाळाटाळ केली, कारण पुढचा धोका त्याला दिसत होता. १६६८ मध्ये राजाने ते बेट वर्षाला १० पौंडांवर कंपनीला दिले, आणि कंपनीचा मुंबईचा गव्हर्नर गेराल्ड आंजियर याच्या कारकिर्दीत तेथे कंपनीचे न्यायालय व टांकसाळही उभी राहिली. न्यायनिवाडा करणारी आणि नाणे पाडणारी ही कंपनी प्लासीच्या ८० वर्षांहून अधिक आधीची आहे.