खाडा झाला की चिडचिड, ही कसली शिस्त?

तापीकाठचा: कालच्या पोस्टीत एकाने ठोकून दिलंय, जिमला खाडा झाला की जीव कासावीस होतो हीच खरी शिस्त, मानसिक त्रास वगैरे आळशांचे चोचले. अहो, खाड्यानंतर अपराधी वाटणं, घरच्यांवर खेकसणं, पाय दुखावला तरी पळणं, तासाभरात मिळणाऱ्या समाधानाला आता दोन तास लागणं, ही व्यसनाची लक्षणं झाली. कमावलेले दंड आरशात काडीपैलवानाचे दिसणं हा तर वेगळाच विकार. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ हॅरिसन पोप आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्येच तो शरीरसौष्ठवपटूंमध्ये नोंदवलाय.

सोळाशे मीटर: पुस्तकी गप्पा. पोलीस भरतीत धावण्याचे २० पैकी २० गुण हवे तर १६०० मीटर ५ मिनिटं १० सेकंदांत मारावे लागतात. धुळ्या-नंदुरबारच्या पोरांनी आराम करत बसायचं का?

यावलकर: भो, रोज घड्याळ लावून जीव तोडायला कोणी सांगितलं? वेगाचा सराव आठवड्यातून दोनदाच, एक दिवस पूर्ण सुट्टी, बाकी दिवस गप्पा मारता येतील इतकंच पळायचं. थकलेल्या पायांनी वेळ वाढते, पोरगं घाबरून आणखी पळतं, मग झोप जाते. सकाळी अंथरुणातच नाडी मोजा. दोन-तीन दिवस नेहमीपेक्षा सात-आठ ठोके जास्त आले तर त्या दिवशी मैदान नको.

भरीतप्रेमी: झोपेचं निघालंच आहे तर प्री-वर्कआउटवर, म्हणजे व्यायामाआधी पाण्यातून घेतात त्या पावडरीवर, बोला की! एका स्कूपात बहुतेक २०० ते ३०० मिलिग्रॅम कॅफीन. संध्याकाळी सातला घेतलं तर बारा वाजता निम्मं अंगातच. छातीत धडधड, हात थरथर, आणि पोरगं म्हणतं परीक्षेचं टेन्शन आलंय.

डंबेलदादा: दिवसभर टपरीवर कटिंग मारणाऱ्यांनी कॅफीनवर प्रवचन देऊ नये.

भरीतप्रेमी: अख्ख्या कप चहात साधारण ३० ते ५०. हिशोब येतो ना? की डब्यामागची चिठ्ठीही वाचत नाही? प्रोटीनच हवं तर १०० ग्रॅम शेंगदाण्यात २५ ग्रॅम मिळतं.

डंबेलदादा: आणि साडेपाचशेच्या वर कॅलरी, ते कोण सांगणार? निघाले शहाणे.

तापीकाठचा: धागा व्यायामाचा होता, किराणा दुकानाचा नाही.

सातपुड्याची लेक: पोरींचं कोणी बोलेल का? भरतीच्या ८०० मीटरसाठी पळायचं आणि वजनाच्या भीतीने एका भाकरीवर राहायचं. पाळी थांबली तर 'व्यायामाने होतंच' म्हणून सोडून देतात. खाणं कमी पडतंय त्याची ती खूण आहे. उदासी, चिडचिडही त्यातूनच. डॉक्टरकडे न्या, कोचकडे नको.

सोळाशे मीटर: पाळीचं पटलं. रविवारची सुट्टीही घेतो बुवा, नाडीसुद्धा मोजतो. गुण कमी पडले तर यावलकर भरून देणार आहेत ना?