वजन उतरलं, इन्सुलिन सुधारलं, पण भूक पिच्छा सोडत नाही. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

वय ४१. सात महिन्यांत ८९ वरून ७८ किलोवर आलो. मोजूनमापून खाणं आणि रोज तासभर चालणं, बस्स. उपाशीपोटीचं इन्सुलिन १८ वरून ८ वर, साखर ९९ वरून ९२. दोन्हींचा गुणाकार भागिले ४०५ केलं, तर होमा-आयआर (शरीर इन्सुलिनला किती दाद देत नाही याचा अंदाज) ४.४ चा १.८ झाला. डॉक्टर खूश.

पण भूक! जेवून तास होत नाही तोच पोटात कावळे. रात्री दोनला जाग येते तीही भुकेनेच. सारखी थंडी वाजते. थायरॉईडचं टी-३ हार्मोन अगदी खालच्या काठाला टेकलंय, थायरॉईडला कामाला लावणारं टीएसएच मात्र नॉर्मल. दोन महिने काटा ७८ वर रुतून बसलाय.

‘साठा पुरेसा आहे’ असं मेंदूला कळवून भूक आवरणारं लेप्टिन हार्मोन चरबीच्या पेशींतून येतं, चरबी घटली की तेही घटतं, इथवर समजलं. पण अंगावर अजून चरबी आहे की! मग मेंदू दुष्काळ पडल्यासारखा का वागतोय?

दुसरं म्हणजे, बॉडी कॉम्पोझिशनच्या मशीनवर ११ पैकी ४ किलो स्नायू गेलेले दिसतात. पाणी कमीजास्त प्यायलं तरी तो आकडा हलतो, हे ठाऊक आहे; पण निम्मा खरा धरला तरी वाईटच. वजनं उचलायला लागू का? लेप्टिनची चाचणी करू का? ‘धीर धरा’ सोडून काहीही सांगा.

प्रतिसाद १
लेप्टिन फक्त साठा मोजत नाही, आवकही मोजतं. खाणं कापलं की चरबी उतरण्याआधीच ते झपकन पडतं. त्यात भूक वाढवणारं घ्रेलिन हार्मोन वर चढतं. वजन उतरवलेल्यांमध्ये हे बदल वर्षभरानंतरही टिकलेले आढळलेत, तेव्हा तुमची इच्छाशक्ती कमी पडतेय असं समजू नका. टी-३ उतरणं बहुधा याच काटकसरीतलं, तरी थंडीचं डॉक्टरांच्या कानावर घाला. लेप्टिनची चाचणी नको, आकडा कळून उपचार बदलणार नाही. दोन-तीन आठवडे वजन स्थिर राहील इतकं खा, प्रथिनं वाढवा आणि वजनं उचलाच. काम करणारा स्नायू इन्सुलिनच्या मदतीशिवायही रक्तातली साखर ओढून घेतो. तो गमावणं परवडणार नाही.

झोप किती होते? अपुऱ्या झोपेनेही भूक वाढते.

धागाकर्ता
साडेपाच तास. मुद्दामच लिहिलं नव्हतं.