घरात रुजवलेली रोपं मान टाकतायत, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. खिडकीपाशी ट्रेमध्ये कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) भरून टोमॅटो आणि झिनियाचं बी पेरलं. टोमॅटो 6 दिवसांत वर आला, पण आता दोऱ्यासारखा उंच होऊन काचेकडे झुकलाय. उजेड कमी पडतोय हे कळतंय. एलईडी दिवा किती उंचीवर, किती तास लावता?

खरी काळजी झिनियाची. रात्री ताठ असलेलं रोप सकाळी आडवं, बुडाशी देठ चिमटल्यासारखा बारीक आणि तपकिरी. ही रोपमरच ना, म्हणजे बुरशीने कोवळी रोपं बुडाशी कुजून कोलमडतात तो रोग? वरून पाणी घालणं थांबवलंय, आता ट्रेखालून देते, झाकणही काढलं. 9 रोपं उरलीत, फार जीव लावलाय त्यांना. लगेच ताज्या कोकोपीटमध्ये हलवू, की खरी पानं (पहिल्या बीजपानांनंतर येणारी) फुटेपर्यंत थांबू?