मेळघाटातली गरिबी खरंच हटली का?

नागपूरकर (मूळ पोस्ट)
अमरावती जिल्ह्यातल्या मेळघाटात, चिखलदऱ्याला राहून आलो. कुपोषणाच्या बातम्या वाचत मोठा झालो, पण दिसलं वेगळंच. पक्की घरं, दारात मोटारसायकल, पोरांच्या हातात मोबाईल. अंत्योदय कार्डावर महिन्याला ३५ किलो धान्य, तेही फुकट. मेळघाटातली गरिबी आता फक्त संस्थांच्या अहवालांत उरली आहे.

धारणीचा मास्तर
हे वाचून गप्प बसवेना. चिखलदऱ्याच्या पॉइंटांवरून मेळघाट दिसत नसतो. दिवाळी उलटली की माझा वर्ग ओस पडतो. पोरं आईबापासोबत तूर-हरभरा सोंगायला नाहीतर वीटभट्टीवर जातात, ती होळीला परततात.

भूक कमी झाली, हे मी नाकारत नाही. १९९३ मध्ये बालमृत्यूंमुळे मेळघाट गाजला, ते दिवस आज नाहीत. पण कोदो-कुटकीसारखं भरडधान्य पेरणारा कोरकू आदिवासी आता सोयाबीन पेरतो. बियाणं उधारीचं, खत उधारीचं, आणि पावसानं दडी मारली की नुसती उधारी उरते. पूर्वी हातात पैसा नसायचा, पण कणगीत कुटकी असायची. आता दवाखाना, शाळा, लग्न सगळं पैशावर, आणि पैशासाठी घाट उतरावा लागतो. तुम्ही पाहिलेल्या मोटारसायकलचा हप्ता विचारला होता का?

अचलपूरचा बागाईतदार
मास्तर, जुन्याचं एवढं कौतुक काहून? माह्या बागेत संत्रा तोडाले मेळघाटातलेच लोक येतात. त्याईचे बाप ज्वारीच्या मजुरीवर राबत. आता पोरगा आधी मजुरी ठरवते, पटलं नाही तं दुसऱ्या बागेत जाते. हे सुधारणा नाही तं काय? अन् आमचं कोणी बोलत नाही. मजूर भेटला नाही की आंबिया बहाराचा संत्रा झाडावरच गळते.

आकोटकर
बहार राहू द्या. गरिबीवर बोलायचं तर पुनर्वसनावर बोला. १९७४ ला व्याघ्र प्रकल्प झाला आणि पुढे जंगलाच्या गाभ्यातली गावं उठवून आमच्या आकोट-तेल्हारा भागात आणून बसवली. २००८ च्या योजनेत कुटुंबामागे १० लाख होते, १८ वर्षांवरचा मुलगा वेगळं कुटुंब. पैसे खात्यात पडायच्या आत गाड्यांचे एजंट वस्तीत हजर! माझ्या शेताला लागून असलेल्या घरानं ट्रॅक्टर घेतला. शेती नाही, काम नाही, दोन वर्षांत तो विकला. आता घरची बाई माझ्याकडे निंदणाला येते. पूर्वी तिची स्वतःची म्हैस होती.

नागपूरकर
पैसे उधळले तर दोष सरकारचा? संमतीनं उठली ना गावं? वाघालाही जागा लागते.

आकोटकर
संमती! रस्ता नाही, वीज नाही, दवाखाना नाही, अशा गावाला विचारलं तर ते हो म्हणणारच. समाधानी होते तर जानेवारी २०१९ मध्ये लोक जंगलात परत का गेले? वनखात्याशी हाणामारीपर्यंत का गेलं? नागपुरात बसून वाघाचं प्रेम सोपं आहे.

नागपूरकर
वैयक्तिक जाऊ नका. हाणामारीत वनकर्मचारीही जखमी झाले, तीही गरिबांचीच पोरं.

धारणीचा मास्तर
दोघंही शांत व्हा. पैसा वाटून गरिबी जात नाही, हक्क दिल्यानं जाते. पायविहीर गाव बघा. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली गावाला जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. उजाड डोंगर लोकांनी राखला, माती-पाण्याची कामं रोजगार हमीतून केली, आता सीताफळ ग्रामसभा विकते. २०१४ ला जैवविविधतेचा पुरस्कारही मिळाला.

अचलपूरचा बागाईतदार
पायविहीरचं कबूल. तो डोंगर म्या उघडाबोडका पाह्यला आहे, आता पाहा. तिथले लोक माह्याकडे कमी येतात, तेही खरं. पण एक गाव झालं म्हणून सारा मेळघाट झाला नाही. धारणीहून अमरावती शंभराच्या वर किलोमीटर, तिथला माल बाजारात कोण नेईन?

नागपूरकर
ठीक, ‘फक्त अहवालांत’ हे शब्द जास्त झाले. पण भुकेनं मरणारं पोर आणि हप्ते फेडणारं पोर यांना एकाच तराजूत घालू नका, यावर मी ठाम आहे.

आकोटकर
मग माझ्या शेजारच्या वस्तीला कुठे घालायचं ते सांगा. धान्य मिळतं, भूक नाही. पण गुरं चारायला रान नाही, मोह वेचायला झाड नाही. मास्तर, ज्यांचं जंगलच १० लाखांत सुटलं, त्यांना पायविहीरचा हक्क कुठल्या डोंगरावर देणार?