मदत हवी आहे: बादलीतल्या पालकाची मुळं तपकिरी होऊन राहिली

नमस्कार मंडळी, नागपूरला मनीषनगरात फ्लॅटच्या बाल्कनीत पहिल्यांदाच हायड्रोपोनिक (माती न वापरता खताच्या पाण्यात भाजी) करून राहिलो. 20 लिटरची झाकणाची बादली, झाकणाला 4 भोकं, त्यात जाळीचे कप, आणि फिश टँकचा एअर पंप एअर स्टोनसकट (पाण्यात बुडबुडे सोडणारा दगड) चोवीस तास चालू. फेब्रुवारीत पालक मस्त आला, पण मार्च लागला अन् दुपारी पानं माना टाकायला लागली, मुळं चिकट तपकिरी अन् वास पण येऊन राहिला.

बोअरचं पाणी जड आहे, टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) 700 च्या वर, म्हणून आधीच आरओचं वापरतो. हायड्रोपोनिकचं दोन भागांत येणारं ए आणि बी खत वेगवेगळं टाकून टीडीएस 900 च्या आसपास, पीएच 6. म्हणजे खताची गडबड नसावी. पाणी मात्र दुपारी 32 डिग्री जातं, माझ्या मते दोषी तेच.

आतापर्यंत बादलीला फॉइल गुंडाळलं, ओलं गोणपाट बांधलं, पूर्ण पाणी दोनदा बदललं, बर्फाची बाटली पण सोडली (दोन तासात पाणी पुन्हा गरम, आणि फ्रीजरवरून घरात भांडण वेगळं). बाल्कनी पश्चिमेची, घर भाड्याचं, त्यामुळे शेड नेटचा सांगाडा ठोकता येत नाही. बजेट दीडेक हजार, चिलर (पाणी थंड करायचं मशीन) वगैरे सांगू नका.

आता बादली आत कुलरच्या हवेत ठेवून वर एलईडी ग्रो लाइट लावला तर मे महिन्यात पाणी 25-26 वर राहील का, कोणी आपल्याकडे करून पाहिलंय? की पालक सोडून सरळ पुदिना लावू?