‘सजेस्ट’नंतरच्या गौणवाक्यात क्रियापदाचे रूप कोणते? मदत हवी आहे

नमस्कार. इंग्रजीतील ‘सजेस्ट’ या क्रियापदाविषयी एक शंका आहे. शब्दकोश चाळूनही ती पुरती फिटली नाही, म्हणून येथील जाणकारांना विचारत आहे.

‘सजेस्ट मी अ बुक’ ही रचना प्रमाण इंग्रजीत बसत नाही, हे ठाऊक आहे. ‘गिव्ह’प्रमाणे हे क्रियापद दोन कर्मे अशी थेट घेत नाही, आणि ‘अ‍ॅडव्हाइज’च्या धर्तीवर ‘सजेस्ट हिम टू गो’ असेही म्हणता येत नाही. (‘मला सुचवा’ म्हणायची सवय असलेल्या आपल्या तोंडी ते सहज येते, हा भाग वेगळा.) त्यामुळे प्रश्न त्याबद्दल नाही.

अडचण आहे ती ‘दॅट’ने जोडलेल्या गौणवाक्याची. ‘आय सजेस्ट दॅट ही लीव्ह अर्ली’ म्हणजे ‘त्याने लवकर निघावे असे मी सुचवतो’. येथे कर्ता तृतीयपुरुषी एकवचनी असूनही क्रियापद मूळ रूपात राहते. ‘द रेकॉर्ड सजेस्ट्स दॅट ही लीव्ज अर्ली’ म्हणजे मात्र ‘नोंदीवरून तो लवकर निघतो असे दिसते’. मराठीत ‘निघावे’ आणि ‘निघतो’ यांत जो भेद आहे, तोच इंग्रजीत शेवटच्या एका ‘एस’वर तोललेला आहे, आणि इथवर मला ही व्यवस्था फार सुबक वाटते.

पण कर्ता अनेकवचनी झाला की ती कोलमडते. ‘द रिपोर्ट सजेस्ट्स दॅट दे लीव्ह अर्ली’ या वाक्यात अहवाल शिफारस करतो आहे की निरीक्षण नोंदवतो आहे, हे रूपावरून कळण्यास मार्गच नाही. नकारार्थी वाक्यात ‘दे नॉट लीव्ह’ आणि ‘दे डू नॉट लीव्ह’ असा फरक निदान करता येतो. त्यात भर म्हणजे ब्रिटिश लेखनात शिफारशीच्या अर्थानेही ‘ही लीव्ज’ आढळते, म्हणजे एकवचनातला आधारही तेथे खात्रीचा उरत नाही. ‘इन्सिस्ट’चीही गत बरीचशी अशीच आहे.

शिफारशीसाठी ‘शुड लीव्ह’ लिहिल्यास संदिग्धता बरीच कमी होते. परंतु अमेरिकी वाचकांसाठीच्या औपचारिक मजकुरात ते सर्वत्र वापरणे खटकेल काय? की निरीक्षणाच्या अर्थी ‘सजेस्ट’ टाळून तेथे ‘इंडिकेट’ योजणे अधिक बरे? ज्यांना अहवाल लिहिण्याचा किंवा तपासण्याचा सराव आहे, त्यांनी स्वतः कोणती पद्धत पाळली आणि का, हे उदाहरणासह सांगितल्यास आभारी राहीन.