जुनी हिमालयन घेऊ का?

लातूरकर: 2018 ची रॉयल एनफिल्डची हिमालयन 411 बाइक बघितलीय. हिमाचलातल्या स्पितीला जायचंय. काय तपासू, आधी काय बसवू?

अंबाजोगाईचा रायडर: भाऊ, इंजिन थंड असतानाच सुरू करून बघ. मालकानं आधीच गरम करून ठेवली असेल तर दुसऱ्या दिवशी जा. मग डबल स्टँडवर लाव, मागून दाबून पुढचं चाक उचल अन् हँडल हळूहळू फिरव. मधोमध खटकन अडकलं की समज बॉल रेसचं, म्हणजे हँडलच्या बेअरिंगचं, काम निघालं. त्याचे पैसे भावातून तोडून घे.

बीडवाला: आरसीवर बँकेचा बोजा असेल तर एनओसीशिवाय इसार देऊ नका.

अंबाजोगाईचा रायडर: जादा लाइट नंतर बघू. ट्यूबचे टायर आहेत. पुढची 21 इंची ट्यूब प्रत्येक पंक्चरवाल्याकडं नसते. स्पेअर ट्यूब, टायर काढायचे लिव्हर, पंप आधी घे.